तांबडीच्या रानातला रस्ता

आण्णा, माझी काठी मोडली. तीच, ब्लॅकथॉर्नच्या काटेरी झाडाची, गाठीगाठींची. मी ती हातात घेतली की तुम्ही "आली फौजदारीण" म्हणायचात. तांबडीच्या पाठीवर मोडली. पहिल्या तडाख्याला त्या गायीनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिचे पुढचे दोन्ही गुडघे तुमच्या छातीवर होते. मग मी नाकावर हाणली. मग काठीचे तुकडे झाले आणि हातात उरलेलं टोक मी तिच्या डोळ्याखाली खुपसलं, तेव्हा कुठं ती तुमच्यावरून उठली.

घरी येणारा प्रत्येकजण सांगतो, देवमाणूस गेला. मी मान हलवते, चहा देते. पण तुमच्याशी बोलताना खोटं कशाला बोलू? तुम्ही देवमाणूस वगैरे नव्हतात. हट्टी होतात, फटकळ होतात, आणि वसुबारसेच्या दुपारी करंटच्या तारेवरून पाय टाकून तुम्ही शब्द मोडलात. तो नुसता तुमचा शब्द असता तर मी काही बोलले नसते. तो माझा होता.

माझ्याकडं दुसरं होतं तरी काय? बार्शीला बापाच्या भांड्याच्या दुकानात गिऱ्हाइकांशी घासाघीस करत वाढलेली मी. लग्न होऊन या आयरिश मुलखात आले ती डॉक्टरची बायको म्हणून. तुमचा निखिल पोर्टलीशच्या हॉस्पिटलात दिवसरात्र, आणि मी खिडकीशी. बाहेर सगळं सपाट हिरवं रान, आणि दर दोन-चार रानांआड एक पडका किल्ला. दूर ल्यूकनच्या उपनगरातली मराठी मंडळी रविवारी गाड्या काढून डनमेसच्या खडकावरचा किल्ला बघायला यायची, वाऱ्यात उभं राहून फोटो काढायची आणि उपाशी परत जायची. मी त्यांना वडापाव खाऊ घातला आणि खाता खाता सांगितलं की या भिंती कुणी बांधल्या, कुणी फोडल्या. पुढच्या खेपेला त्यांनी ग्रँड कॅनाल डॉकच्या कंपन्यांतली सॉफ्टवेअरवाली पोरं आणली. मग इथलीच आयरिश माणसं येऊ लागली, गमबूट घालून. असा माझा धंदा उभा राहिला. हो, धंदाच. तो शब्द तुम्हाला कधी उच्चारता आला नाही.

डनमेसला कुणीही जातं. मला असं ठिकाण हवं होतं जिथं माझ्याशिवाय कुणी नेणार नाही. ते मॅलकीच्या रानात होतं. मॅलकी म्हणजे गुरं पाळणारा साठीतला शेतकरी, आणि त्याच्या गवतात उभा असलेला तो चौकोनी बुरूज, तोफेनं एक खांदा उडवलेला. या देशात रान ज्याचं त्याचं असतं. आत किल्ला असो की देऊळ, मालकानं नाही म्हटलं की नाही. मॅलकी अख्खा हिवाळा नाही म्हणत होता. मी त्याच्या गोठ्याच्या दारात पावसात उभी राहायचे. तो म्हणायचा, "यू आर अ टेरिबल वुमन." मी म्हणायचे, "हो, आणि उद्या पुन्हा येणार आहे."

शेवटी त्यानं अटी घातल्या. कुत्री आणायची नाहीत. फाटकं लावायची. रस्ता कुंपणाच्या कडेनं, आणि वासरं असलेल्या गायींमध्ये तारेपलीकडं कुणीही जायचं नाही. "कुणीही म्हणजे कुणीही," तो म्हणाला. त्यानं तळहातावर थुंकून हात पुढं केला, मीही थुंकले आणि टाळी दिली. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही खूश झाला होतात. "थुकून सौदा? मग तर लई पक्का."

सासूबाई गेल्यावर निखिलनं तुम्हाला इकडं आणलं. तुम्हाला पहिल्यांदा बुरुजाकडं नेलं, तर फाटकातच भांडण.

"गड कुणाचा?"

"मॅलकीचा."

"त्येच्या आज्ज्यानं बांधला व्हय?"

"रान त्याचं आहे, आण्णा. विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही."

"गडावर जायला इचारायचं? तोफा घिऊन आल्ते त्यांनी इचारलं व्हतं?"

"म्हणून तर त्यांनी फोडला. आपल्याला फोडायचा नाही, रोज यायचंय."

"बार्शीवाले," तुम्ही म्हणालात, "तुला गडाचं न्हाई, कुलपाचं कवतिक हाय."

हे भांडण आपलं कधी संपलंच नाही. दर शनिवारी ते नव्यानं सुरू व्हायचं, आणि तुम्ही मला गप्प करायला वरून पाणी ओतायचात. खरोखरचं. बुरुजाच्या दरवाजावर छतात ते भोक आहे ना, मर्डर होल, आत घुसणाऱ्याच्या टाळक्यात धोंडे आणि उकळतं पाणी टाकायचं भोक, त्याच्यावर तुम्ही बाटली घेऊन दबा धरून बसायचात. मी खाली लोकांना समजावत असायचे, आणि ऐन रंगात आलं की गार पाण्याची धार. पोरं किंचाळायची, मी वर बघून शिव्या घालायचे, तुम्ही वरून उलट घालायचात. एका आयरिश बाईनं विचारलं, हे गृहस्थ टूरचाच भाग आहेत का? मी म्हटलं, अनफॉर्च्युनेटली. ती हसून हसून भिंतीला टेकली. पुढच्या खेपेला ती बहिणींना घेऊन आली आणि आधी विचारलं, वरचा म्हातारा आहे ना?

म्हणजे आपलं ओरडणं लोकांना खेळ वाटायचं. तुम्हालाही वाटायचं. ते पुढं येतंच.

त्याआधी ल्यूकनचं बोलते, कारण ते अजून माझ्या घशात आहे. गणपतीला हॉलमध्ये सगळे जमले होते. मी ताटं वाढत होते आणि तुम्ही पुरुषांच्या घोळक्यात बसून मोठ्यानं म्हणालात, "आमच्या पोराच्या पगारावर सुनंचा खेळ चाललाय. गोऱ्यांस्नी गड दावती." सगळे हसले. माझ्या हातातलं भाताचं भांडं मी टेबलावर असं आपटलं की शितं कुणाच्या तरी शर्टावर उडाली. घरी दारात उतरल्यावर मी थर्मास भिंतीवर फेकून मारला. आतल्या काचेचा चुरा झाला, तो खळखळला.

"फुटला व्हय? आता च्या कशात घालनार?"

"शब्द मागं घ्या, आण्णा."

"कंचा?"

"तुम्हाला माहीत आहे कंचा."

तुम्ही चपला काढून आत गेलात. मागं घेतला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, नवरात्रात नाही, कधीच नाही. मी वाट पाहत होते. मला घाई नव्हती. मला वाटत होतं, हा माणूस कुठं जातोय?

तांबडी तुमची उन्हाळ्यातली मैत्रीण. मॅलकीच्या सगळ्या गायी तांबूसच, पण तुम्ही हिलाच नाव दिलंत. फाटकातून हात घालून तिच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवायचात, ती मान ताणून डोळे मिटायची, तुमचा हात चाटायची. मॅलकी ट्रॅक्टर थांबवून बघायचा. तुम्हाला त्याची भाषा येत नव्हती, त्याला तुमची, पण तुम्ही गायीच्या पुठ्ठ्यावर थाप मारून काहीतरी म्हणायचात, तो "शी इज, बॉस" म्हणायचा. कशाला हो म्हणतोय ते दोघांनाही माहीत नसायचं. तेव्हा ती गाभण होती. दिवाळीच्या तोंडावर व्यायली. मॅलकीनं मला मुद्दाम थांबवून सांगितलं, "बॉसला सांग, आता नको. शी इज क्रॉस नाउ. चिडकी झालीय, ती आता कुणाला ओळखणार नाही." मी शब्दन्‌शब्द तुम्हाला सांगितलं. तुम्ही हसलात. "माझ्यावर? तांबडी?"

वसुबारसेच्या सकाळी स्वयंपाकघरात तुम्ही ताट मांडायला बसलात. हळद, कुंकू, तांदूळ, निरांजन, आणि मी रात्री केलेल्या उडदाच्या वड्यांतले दोन. सासूबाई जन्मभर हे करायच्या. त्या गेल्यावर पहिली वसुबारस.

मी म्हटलं, "देवघरातली चांदीची गाय-वासरू आहे, तिची पूजा करा."

"चांदीला घास भरवू?"

"मग फाटकाबाहेरून करा. लांबून."

"वासराला कुंकू लांबनं लावत्यात? तुझ्या बार्शीत लावत असतील."

"आण्णा, मी त्या माणसाला शब्द दिलाय. तारेच्या आत कुणी जाणार नाही म्हणून. रस्ता गेला तर मी काय करू? आज माझी माणसं यायची आहेत."

"बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हंजी बरं. कान खाऊ नगंस."

ते "बरं" मी घेतलं. बाजारात वाढलेल्या बाईनं एवढ्या स्वस्तात कधी काही घेतलं नव्हतं.

दुपारी मी बुरुजाच्या माथ्यावर होते, माणसं भोवती. जिना उजवीकडं वळत का जातो ते सांगत होते, की खालून चढणाऱ्याचा तलवारीचा हात भिंतीला अडतो आणि वरच्याचा मोकळा राहतो. काठी फिरवून दाखवत होते. आणि मला खाली तुम्ही दिसलात. पांढरा सदरा, त्यावर निखिलचा रेनकोट, डोक्यावर टोपी, हातात ताट. तारेवरून एक पाय टाकलेला.

मी ओरडले. छाती फुटेस्तोवर ओरडले. तुम्ही वर पाहिलंत, ताट नसलेला हात उचलून हलवलात, नेहमीसारखा, म्हणजे वरड तू. माझ्याभोवतीची माणसं हसली. त्यांना वाटलं, सुरू झालं यांचं.

तुम्ही तांबडीकडं गेला नाहीत. लव्हाळ्यात वासरू बसलं होतं, सरळ त्याच्याकडं गेलात. वाकलात. आपल्याकडं गाय दाव्याला असते, आण्णा. कुंकू लावताना तिनं शिंग उगारलं तरी दावं तिला थांबवतं. इथं तिला थांबवायला काहीच नव्हतं. ती डोकं खाली घालून धावत आली तेव्हा तुम्ही पाठमोरे होतात. तुम्ही वर उडालात. ताट चमकलं. तुम्ही खाली पडलात तशी ती गुडघ्यांवर आली आणि कपाळानं तुम्हाला चिखलात दाबायला लागली, कणीक तिंबतात तशी.

जिना मी कसा उतरले ते आठवत नाही. हाताची सालटी निघाली होती, नंतर दिसली. काठीचं सांगितलंच. मॅलकी जीप घेऊन आत घुसला, हॉर्नवर हात ठेवून, आणि गाय वासरापाशी जाऊन उभी राहिली. फुसफुसत, पाय आपटत. मी तिला शिव्या देत होते. मराठीत ज्या आहेत त्या सगळ्या. मॅलकीनं मला कमरेला धरून मागं ओढलं तेव्हा मी त्यालाही मारलं.

तुमची बोटं लाल होती. त्यातलं कुंकू किती आणि रक्त किती, कळत नव्हतं. मी गुडघे टेकून तुमच्या कानाशी ओरडत होते, आण्णा, अँब्युलन्स येतेय, आण्णा, डोळे उघडा, आण्णा, ऐकू येतंय का. तुम्ही डोळे उघडलेत. माझ्याकडं पाहिलंत. म्हणालात, "वरडू नगंस."

बस. एवढंच. मागं घ्यायचा शब्द तसाच राहिला.

निखिल हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांत धावत आला तेव्हा सगळं संपलेलं होतं. रोज लोकांच्या बापांना वाचवणारा तुमचा मुलगा चिखलात बसून तुमचा सदरा ओढून पोट झाकत राहिला.

इथं माणूस गेला की शेजारी सँडविचं घेऊन येतात. आपल्या घरी चूल बंद, आणि ओट्यावर सँडविचांचा ढीग. अनोळखी माणसं रांगेनं येऊन हात हातात घेत होती. वरच्या म्हाताऱ्याची चौकशी करणारी ती बाईही आली, बहिणींसकट. त्यांच्या मागून ल्यूकनची मंडळी आली. त्यांच्यातल्या देशपांडेकाकू माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "आता शनिवारी सकाळी फोन कुणाचा येणार गं आम्हाला?"

"कसला फोन?"

"तुला माहीत नाही? आण्णा सगळ्यांना फोन करायचे. 'यायचं बरं का. माझ्या सुनंनं हितं गड घेतलाय. एकटीनं. बघाय या.' नाही आलं तर रागवायचे."

मी न्हाणीघरात गेले आणि आरशावर मूठ मारली. आरसा फुटला नाही, हात सुजला. गड घेतलाय. अख्ख्या ल्यूकनला सांगितलंत, मला सोडून. भर हॉलमध्ये मला खाली पाडायचं आणि पाठीमागं फोन करून डोक्यावर घ्यायचं, ही कुठली रीत? माझ्या तोंडावर एकदा म्हटलं असतं तर काय झिजलं असतं तुमचं?

त्याच संध्याकाळी मॅलकी आला. बायकोनं केलेला अ‍ॅपल टार्ट टेबलावर ठेवला, टोपी हातात चुरगळत उभा राहिला. त्याचा ओठ मी फोडलेला, सुजलेला. जाताना दारात म्हणाला, "शुक्रवारी ती जाईल. कत्तलखान्यात."

"मी बघायला येणार," मी म्हटलं.

त्यानं टोपी डोक्यावर ठेवून पुन्हा काढली. मग म्हणाला, "इन्शुरन्सवाला सांगतो, असं केलेलं जनावर माणसांच्या वाटेवर ठेवता येत नाही. गाय राहिली तर रस्ता बंद. गाय गेली तर तुझा रस्ता तुला. मी गाय घालवतोय. तेवढं तरी मला तुझ्यासाठी करू दे."

"आणि वासरू?"

"बाटलीवर जगलं तर जगलं." मग खाली बघून, "माझ्याकडची सगळ्यात चांगली आई आहे ती. पण जाऊ दे."

निखिल म्हणाला, "जाऊ दे. रस्ता राहतोय ना तुझा?"

बघा आण्णा, सौदा कसा चालून आला होता. सूडही मिळणार, रस्ताही मिळणार, आणि माझ्या पदरचं काहीच जाणार नाही. मी जन्मभर असल्या सौद्याची वाट पाहत असते.

गुरुवारी मी फाटकाशी गेले. तिला शेवटचं बघायला गेले होते; खरं सांगायचं तर आणखी एक तडाखा द्यायला. ती उभी होती. मी खुपसलेल्या जागी डोळा सुजून मिटला होता. उरलेल्या डोळ्यानं माझ्यावर नजर धरून ती वासराच्या आणि माझ्या मधे येऊन थांबली. वासरू तिच्या पोटाखालून निघून पुढं आलं. त्याच्या कपाळावर, पावसानं फिकं झालेलं, पण होतं. कुंकू. म्हणजे लावलंत तुम्ही. पोचलात.

मी फाटक गच्च धरून उभी राहिले. त्या कुंकवाकडं बघून मला तुमचा जेवढा राग आला तेवढा तुम्ही असताना कधी आला नव्हता. आधी आईला विचारायचं असतं, आण्णा! रान तिचं, वासरू तिचं. तुम्ही उभ्या जन्मात कुणाच्या फाटकात थांबून विचारलं नाहीत. तिनं उन्हाळाभर तुम्हाला गळा दिला, पण वासराचं बोलणं झालं नव्हतं. मॅलकीनं सांगितलं, मी सांगितलं, तारेनं सांगितलं. तिची एकच अट होती आणि ती तिनं पाळली. शब्द तुम्ही मोडलात. मग मरायचं तिनं?

मी तिथूनच मॅलकीच्या गोठ्यावर गेले.

"गाय राहील," मी म्हटलं.

"मग रस्ता गेला, मिसेस."

"रस्ता त्या रानातला गेला. बुरुजाच्या मागं दगडी गडगा आहे. गडग्याच्या पलीकडून दे."

"पलीकडं? तिकडं नुसते काटे आहेत. माझ्या आजोबांपासून तिथून कुणी गेलेलं नाही."

"मी तोडते."

"ईस्टर उजाडेल."

"उजाडू दे. आणि ती वासरं देतेय तोवर तिला कुठंही पाठवायचं नाही."

"मारकी गाय मी लाडानं पाळू?"

"लाड कर म्हटलं नाही. ठेव म्हटलं."

त्यानं फुटका ओठ चाटला. "यू आर अ टेरिबल वुमन," म्हणाला, आणि तळहातावर थुंकला. थुंकीत अजून थोडं रक्त होतं.

निखिलला हे सांगितलं तेव्हा त्यानं हातातला कप सिंकमध्ये आपटून फोडला. "माझ्या बापाला तुडवणारीला वाचवलंस तू? कशासाठी?" मी त्याला अट सांगितली, आई सांगितली, कुंकू सांगितलं. तो म्हणाला, ते कुंकू मला सांगू नकोस. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. बोलेल किंवा नाही. त्याचा हट्ट कुणाचा आहे ते मला माहीत आहे.

आणि तुम्ही, ऐकताय ना, असं समजू नका की मी माफ केलं. तिला नाही आणि तुम्हाला तर मुळीच नाही.

आता मी रोज गडग्याच्या मागं असते. मॅलकीचा लांब दांड्याचा कोयता आहे, गमबूट आहेत, निखिलचा रेनकोट आहे, तोच, तुमच्या अंगावरचा. ब्लॅकबेरीच्या जाळ्या मनगटाएवढ्या जाड, एकीत एक गुंतलेल्या. एकेक घाव घालताना मी तुमच्याशी भांडते. मोठ्यानं. गडाचं, कुलपाचं, ल्यूकनच्या हॉलचं, त्या फोनांचं. तुमची उत्तरंही मीच देते, तुमच्या बोलीत, आणि तुम्ही अजूनही जिंकता. हातांवर ओरखड्यांची जाळी झालीय. वाट बुरुजाच्या सावलीपर्यंत आली आहे.

काल तिथं गडगा थोडा ढासळलेला निघाला. मी शेवटची जाळी तोडून सरळ झाले तर पलीकडं, कोयत्याच्या टप्प्यात, तांबडी. एका डोळ्यानं बघत होती. वासरू तिच्या मागं. मी कोयता वर उचललेला होता, तो तसाच राहिला. तिनं मान ताणली आणि अशी हंबरली की बुरुजातले कावळे उडाले.

"वरडू नगंस," मी तिला म्हटलं.

ती थांबली. मी गडग्याचे पडलेले दगड उचलून आमच्या दोघींच्या मधे पुन्हा रचले, आणि काट्यांवर घाव घालायला वळले.